कंपन्यांना बोलवायच्या आधी तू जा

अगं, तुझा मेसेज वाचला. खानापूरच्या कॉलेजात शिकवणाऱ्यांत सगळ्यात लहान तूच, म्हणून प्लेसमेंटचं काम तुझ्या गळ्यात पडणार हे ठरलेलंच होतं, त्यात वाईट वाटून घेऊ नको. तू विचारलंयस की पहिल्यांदा काय करू, रिझ्युमे वर्कशॉप ठेवू का आणि बेंगळुरूहून कुणी ट्रेनर बोलवू का. माझं ऐकशील तर दोन्ही नको. निदान या सेमिस्टरला तरी नको. ट्रेनर येणार, हॉलमध्ये टाळ्या वाजवून घेणार, शेकहॅंड कसा करायचा दाखवणार, आणि जांबोटीकडची पोरं घड्याळ बघत बसणार कारण शेवटची बस चुकली तर रात्री घरी कोण नेऊन सोडणार.

मी इतकी वर्षं बेळगावच्या फौंड्रीच्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याच्या, पर्सोनेल ऑफिसात बसून पोरांच्या मुलाखती घेतल्यात, त्यावरून सांगतो, आमच्यासारख्या कारखान्यातला माणूस खानापूरच्या डिग्री कॉलेजात आपणहून कधी येत नाही. त्याला वेळ नसतो, आणि बी.कॉम. बी.ए.च्या पोरांचा आपल्याला काय उपयोग हे त्याच्या डोक्यातच नसतं. म्हणून आधी तू जायचं. बेळगावच्या आसपासचे कारखान्यांचे भाग, उद्यमबाग, मच्छे, होनगा, जमलं तर हत्तरगीला विमानाचे पार्ट बनतात तिकडे पण. आणि गेल्यावर 'व्हेकन्सी आहे का सर' हे विचारूच नको, त्याचं उत्तर 'बायोडेटा ठेवून जा' एवढंच असतं. विचारायचं असं की गेल्या दोन तीन वर्षांत तुमच्याकडचं कुठलं काम बंद झालं, कुठलं नवीन आलं, आणि ते नवीन काम सध्या कोण करतंय. मालक असो की सुपरवायझर, चहा मागवून तासभर बोलतो बघ, कारण हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

काय ऐकायला मिळेल त्याचा थोडा अंदाज देतो. बेळगावचं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले भाग, इंजिनात जातं, पंपात जातं, ट्रॅक्टरला, हायड्रॉलिक व्हॉल्व्हला जातं. आता इलेक्ट्रिक स्कूटरला सिलिंडर नाही, पिस्टन नाही, क्रॅंकशाफ्ट नाही, म्हणजे जो नुसता इंजिनाच्या पार्टवर जगत होता तो दुसरं गिऱ्हाईक शोधतोय, आणि हायड्रॉलिकवाल्याला त्याचं एवढं काही वाटत नाही. म्हणजे 'फौंड्री संपली' असं कुणी म्हणालं की कसली फौंड्री ते विचारायचं. पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो नमुना, पूर्वी लाकडात हाताने करायचे, आता बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटरवर डिझाइन करून सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर, कापतात, आणि धातू ओतायच्या आधीच तो साच्यात कसा थंड होईल, कुठे पोकळी राहील ते सॉफ्टवेअरवर बघून घेतात. एक्सपोर्टचं गिऱ्हाईक असलं की लॉटबरोबर कागद मागतं, केमिस्ट्री काय आली, हार्डनेस किती, मापं काय भरली. ते रिपोर्ट लावायचे, इंग्रजीत मेल टाकायची, तिकडून प्रश्न आला की शॉपमध्ये जाऊन फर्नेसवाल्याला विचारून उत्तर द्यायचं, याला दरवेळी इंजिनिअर लागतोच असं नाही. केमिस्ट्री घेतलेली बी.एस्सी.ची मुलगी हे काम उत्तम करते, मी बघितलंय. पण तिला असं काम असतं हेच कुणी सांगितलेलं नसतं, ती बी.एड. नाहीतर बँकेची परीक्षा एवढंच धरून बसते.

तुझी पोरं जास्त करून कॉमर्सची, म्हणून त्यांचं जरा सविस्तर लिहितो. सगळी 'टॅली शिकलोय' म्हणून सांगतात. टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर, ते येतं म्हणजे व्हाउचर एंट्री, एकेक व्यवहार टाइप करून भरणं, येतं, आणि तेच काम आता आटत चाललंय. बँकेचं स्टेटमेंट डायरेक्ट आत घेता येतं, बिलाचा फोटो वाचणारं सॉफ्टवेअर आलंय. पण दुसरीकडे बघ, ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिल जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवणं, २०२० मध्ये सुरू झालं तेव्हा ५०० कोटींच्या वरच्या कंपन्यांनाच होतं, ते खाली येत येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना लागू झालं. ५ कोटी म्हणजे उद्यमबागेतल्या गल्लीतला साधा मशीन शॉपवाला पण त्यात येऊ शकतो. आणि २०२२ च्या जानेवारीपासून सप्लायरने आपलं बिल रिटर्नमध्ये दाखवलं नाही आणि ते जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवर आपल्या खरेदीची जी यादी येते तिच्यात, आलं नाही तर खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट आपल्याला मिळत नाही, पैसे अडकतात. मग महिन्याच्या महिन्याला कुणीतरी बसून यादी जुळवायची, जे जुळत नाही त्या सप्लायरला फोन करायचा, तो हुबळीचा असेल तर कन्नडमध्ये, इचलकरंजीचा असेल तर मराठीत, राजकोटचा असेल तर हिंदीत, आणि भांडण न करता त्याच्याकडून बिल भरून घ्यायचं. जुळवाजुळव सॉफ्टवेअर करेल गं, पण समोरचा फोनच उचलत नाही तेव्हा काय करायचं ते माणसालाच बघावं लागतं. जे काम राहणार आहे ते बरंचसं असलंच, कागद आणि माणूस यांच्या मधलं, आणि त्याला लागणाऱ्या तीन चार भाषा आपल्या पोरांच्या तोंडात लहानपणापासून असतात.

मोठे आकडे पोरांना फार सांगू नको. २०३० पर्यंत कामाला लागणाऱ्या कौशल्यांपैकी ३९ टक्के बदलतील असं वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या २०२५ च्या रिपोर्टमध्ये आहे, तो जगभरच्या मोठ्या कंपन्यांनी सांगितलेला अंदाज आहे, नंदगडच्या पोराने त्यातून घाबरण्यापलीकडे काय घ्यायचं.

चॅटजीपीटीचं म्हणशील तर पोरं वापरतातच, वापरू दे. फक्त त्यामुळे आता सगळ्यांचे रिझ्युमे सारखे झालेत, सगळेच 'डायनॅमिक' आणि सगळेच 'टीम प्लेयर', वाचणारा दुसऱ्या ओळीला पान उलटतो. त्यावर उपाय म्हणजे दाखवायला काहीतरी काम हवं. प्रत्येकाच्या गावात किराणा दुकान आहे, वीटभट्टी आहे, भाताची गिरणी आहे, कुणाचा काजूचा कारखाना आहे. दुसऱ्या वर्षालाच एकेकाला एकेक दुकान धरायला लाव, तीन महिने त्याचा हिशोब ठेव म्हणावं, उधारी किती दिवसांनी वसूल होते ते काढ, माल कधी संपतो ते लिही, आणि एक्सेलमध्ये मांडून दुकानदाराला समजेल असं सांगून ये. एवढं केलेला पोरगा मुलाखतीत गप्प बसत नाही. सुरुवातीला दुकानदार हिशोब दाखवणार नाही, काय करुलास रे हे म्हणून हाकलेल, तेही शिकण्यातच आलं.

आता कायद्याची एक गोष्ट, ही तुझ्या फायद्याची आहे. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे पण नियम बदललेत, ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनाला, कॉन्ट्रॅक्टवाले धरून, अडीच ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. आणि फक्त आयटीआय डिप्लोमावालेच नाही, साधे ग्रॅज्युएट पण चालतात. बऱ्याच लहान कारखान्यांना हे माहीत असून पोर्टलची कटकट नको म्हणून ते टाळतात. तू गेलीस आणि 'सर, पोर्टलचं रजिस्ट्रेशन आमची मुलं बसून करून देतील' म्हणालीस तर निम्मं काम झालं म्हणून समज. यात एक अडचण येईल, युवानिधीची. डिग्री होऊन सहा महिने काम नसलेल्याला या योजनेत कर्नाटक सरकार दोन वर्षांपर्यंत महिना ३००० देतं, डिप्लोमावाल्याला १५००, पण अप्रेंटिसचं स्टायपेंड घेणाऱ्याला ते मिळत नाही. मग घरचे म्हणतात घरात बसून मिळतंय तर कशाला जायचं. त्यांच्याशी वाद घालू नको, स्टायपेंड किती आणि नंतर हातात सर्टिफिकेट कसलं मिळतं ते कागदावर मांडून दाखव.

कन्नडचं लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितो. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आपल्या घराघरात त्याबद्दल काय वाटतं ते मला सांगायला नको, माझ्याही घरात तेच वाटतं. पण आपली पोरं बाजारात कन्नड फाडफाड बोलतात आणि बोर्ड वाचता येत नाही, फॉर्म भरता येत नाही, आणि कर्नाटकच्या सरकारी भरतीत कन्नडच्या सक्तीच्या पेपरला अडकतात. अक्षरं शिकायला सहा महिने पुरतात. त्याने कुणाचं मराठीपण कमी होत नाही. आणि दुसऱ्या बाजूचं दार पण दाखव, महाराष्ट्राच्या भरतीच्या जाहिरातीत सीमाभागातल्या ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्र हक्क सांगतो तिथल्या मराठी उमेदवारांना अर्ज करता येतो, त्याला रहिवासाचा दाखला लागतो, आणि पोरं तो जाहिरात आल्यावर शोधायला धावतात. आधीच काढून ठेवायला लाव. दोन्ही राज्यांची दारं उघडी असलेली पोरं आहेत आपली आणि बहुतेक जण एकाच्याही उंबऱ्यापर्यंत जात नाहीत.

गोव्याला जाणाऱ्यांचं थोडक्यात. चोर्ला घाट उतरून वेर्ण्याच्या कारखान्यांत गेलेली पोरं पगाराचा आकडा सांगतात, खोलीभाडं सांगत नाहीत. कंपनीच्या रोलवर की कॉन्ट्रॅक्टरकडे, पगाराच्या स्लिपवर पीएफ खात्याचा यूएएन नंबर आहे का, एवढं विचारायला शिकव म्हणजे झालं.

मुलींच्या पालकांकडे मात्र तुला स्वतःला जावं लागेल, फोनवर होणार नाही. त्यांना पगारापेक्षा बस किती वाजता आणि शिफ्ट कसली हे आधी सांग. जनरल शिफ्ट म्हणजे काय हेच पुष्कळांना माहीत नसतं, कारखाना म्हटलं की रात्रपाळीच डोळ्यासमोर येते.

उद्यमबागेत पहिल्यांदा जाशील तेव्हा मी येतो बरोबर, दोन तीन ठिकाणी अजून ओळखीचे आहेत. सोमवारी नको, त्या दिवशी सगळे डिस्पॅचच्या मागे असतात. बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी तीननंतर बघ, आणि येताना दुसऱ्या वर्षाची दोन पोरं घेऊन ये, शेवटच्या वर्षाची नको. कन्नडच्या वर्गासाठी आमच्या गल्लीतल्या एक रिटायर्ड बाई शनिवारी यायला तयार आहेत, पैसे नको म्हणतात, फक्त खोली लागेल. तेवढी प्रिन्सिपॉलांची परवानगी काढून कळव.