पियानो वर्षातून किती वेळा ट्यून करायचा?

प्रश्न : आमच्याकडे आजोबांचा अपराइट पियानो आहे. आठ-नऊ वर्षं कोणी हातच लावला नव्हता, आता मुलगी क्लासला जायला लागली म्हणून ट्यूनरला बोलावलं. ते म्हणाले एका फेरीत होणार नाही, आत्ता एकदा, मग दोन-तीन आठवड्यांनी परत आणि पुढे वर्षातून दोनदा तरी. हे पैसे काढायचं काम तर नाही ना? – एक वाचक, वसई

उत्तर : नाही हो, अजिबात नाही. पहिल्याच भेटीत एवढं स्पष्ट सांगणारा ट्यूनर मिळालाय, त्यांचा नंबर जपून ठेवा.

कीज ८८ दिसतात पण आत तारा साधारण २३० असतात, कारण अगदी खर्जातल्या सुरांना एकेक, मग दोन-दोन आणि मधल्या-वरच्या प्रत्येक सुराला तीन-तीन. एकेक तार ७०-७५ किलोच्या आसपास ताणलेली असते, म्हणजे सगळ्यांचा मिळून ओढा जातो १५ ते २० टनांवर. हा ओढा बिडाची फ्रेम पेलते, पण तारांचा दाब त्यांच्याखालच्या लाकडी पट्टीवरून, म्हणजे पुलावरून (ब्रिज), जातो स्प्रूसच्या एका पातळ फळीवर, तिला साउंडबोर्ड म्हणतात आणि पियानोचा आवाज तीच मोठा करते. आता आठ-नऊ वर्षांत तुमच्या पियानोची पट्टी चांगलीच उतरली असणार. ती एकदम वर न्यायला गेलं की फळीवरचा दाब वाढतो, ती जराशी दबते आणि मघाशी नीट लावलेल्या तारा परत उतरतात. नवारीच्या खाटेचं होतं ना, एक बाजू आवळली की दुसरी सैल पडते, तसंच. म्हणून पहिल्या फेरीत सगळं ढोबळ वर आणायचं, थोडे दिवस बसू द्यायचं आणि मग बारीक काम करायचं.

तारा गंजल्या असतील तर एखादी तुटेलही, आमच्या जुन्या पियानोची वरच्या सप्तकातली एक तार अशीच काडकन गेली होती तेव्हा मी दचकले होते, पण त्यात ट्यूनरची चूक नसते. तार फारच जुनी दिसली तर ते कदाचित ४४० च्या, म्हणजे मधल्या ए सुराला ठरलेल्या सेकंदाला ४४० कंपनांच्या, थोडं खालीच ठेवूया म्हणतील, त्यांचं ऐका. घरच्या रियाजाला पियानो आधी स्वतःशी सुरात हवा.

आणि एक मनापासून सांगते, ते येतील तेव्हा मुलीला शेजारी बसवा, क्लास बुडला तरी चालेल. तारांमधून लाल फेल्टची, म्हणजे जाड लोकरी कापडाची, पट्टी ओवून बाजूच्या तारा मुक्या करतात, ट्यूनिंग फोर्क (ठरलेला एकच सूर देणारा धातूचा चिमटा) वाजवून मधला ए, म्हणजे आपली पांढरी सहा, ४४० ला लावतात, तिथून मधलं सप्तक बांधतात आणि मग फेल्टची पट्टी काढून एकेका सुराच्या तिन्ही तारा जुळवायला घेतात. दोन तारांत एका हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला एका कंपनाचा, फरक असेल तर सेकंदाला एक असा वँव… वँव… हेलकावा कानाला येतो. ट्यूनरची खुंटी पिळायची चावी केसभर फिरली की तो लांबत जातो, आणखी लांबतो आणि एका क्षणी थांबतो, सूर एकदम स्थिर. हे एकदा ऐकलं की मुलीला बेसूर म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागणार नाही. आपल्या कानाला नवल वाटेल असं अजून एक, ते पंचम मुद्दाम किंचित उतरा ठेवतात, अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर दोन भाग, कारण प्रत्येक पंचम तंबोऱ्यासारखा शुद्ध लावला तर बाराव्या पंचमाला वर्तुळ जुळतच नाही. म्हणून मोबाइलवरचं ॲप आणि पाना घेऊन घरी हे करायला जाऊ नका. पट्टी किती उतरलीय एवढं बघायला ॲप ठीक आहे, पण खुंट्या नुसत्या लाकडात घट्ट बसलेल्या असतात, उगाच पिळल्या की भोक सैल होतं आणि मग सूर टिकतच नाही.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी नवा पियानो घेतला, मुलगा हॉस्टेलला गेला त्यामुळे वाजत नाही. तरी ट्यून करायचा का? – एक वाचक, पुणे

उत्तर : करायचाच. वाजवल्याने पियानो थोडा उतरतो, पण जास्त करून त्याला हवा बेसूर करते. पुण्यात एप्रिलमध्ये हवा कोरडी ठक्क, फळी आकसते, सूर खाली. जुलैत तीच फळी दमट होऊन फुगते, तारांना वर ढकलते आणि मधली सप्तकं चढतात, कोणी एक की दाबली नाही तरी. त्यात तुमच्या तारा नव्या, त्या अजून ताणल्या जातायत, पहिल्या वर्षात तर तीन-चार वेळा लागतं, ते राहिलं असेल तर आता लांबवू नका. आपण तंबोरा दर बैठकीला लावतो, मध्येच थांबून परत जुळवतो, त्याचा कोणाला कंटाळा येत नाही, मग २३० तारांच्या वाद्याला वर्षातून दोनदा वेळ द्यायला काय हरकत आहे? पाऊस सुरू झाल्या झाल्या बोलावू नका, हवा बसू दे, जुलैअखेर एकदा आणि दिवाळीनंतर महिन्याभराने एकदा. एकदाच जमणार असेल तर दिवाळीनंतरचं धरा आणि दर वर्षी तोच महिना ठेवा. पियानो खिडकीजवळ किंवा एसीच्या झोतात असेल तर आधी आतल्या भिंतीला हलवा, मग दोन-तीन आठवडे थांबून ट्यूनिंग.

प्रश्न : पावसात कीज खाली जाऊन अडकतात. आत बल्ब लावून ठेवू का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : लाकूड आणि कीच्या खालच्या पिनेभोवतीचं फेल्ट ओल धरून फुगतं म्हणून अडकतात. तेल किंवा गंजाचा स्प्रे चुकूनही मारू नका, फेल्ट कायमचं खराब होतं. ट्यूनर पक्कडीने फेल्ट हलकेच दाबून की मोकळी करतात, पाच मिनिटांचं काम. बल्बची पद्धत जुन्या घरांत आहे, पण लाकडाजवळ गरम बल्ब म्हणजे आगीची भीती आणि एकाच ठिकाणी उष्णता. त्यापेक्षा पियानोसाठीच मिळणारा कमी वॅटचा हीटर रॉड ट्यूनरकडून खालच्या भागात बसवून घ्या, पावसाळाभर अखंड चालू ठेवा, आज चालू उद्या बंद असं नको, आणि डिसेंबरात हवा कोरडी वाटली की बंद करा. पियानोचं खालचं झाकण उघडतील तेव्हा कसर आणि उंदराच्या लेंड्या आहेत का तेही बघायला सांगा, गोव्याच्या जुन्या घरांत हॅमरचं, म्हणजे तारेवर आपटणाऱ्या हातोडीचं, फेल्ट आधी त्यांच्याच तोंडी जातं.