इंडिपेंडंट लोकांत पुढे म्हणजे जिंकलाच, असं नसतं

तू विचारलंयस की अमेरिकेत ४० टक्क्यांच्या वर लोक स्वतःला इंडिपेंडंट, म्हणजे कुठल्याच पक्षाचे नसलेले, म्हणवतात, मग पोलमध्ये जो त्यांच्यात पुढे तोच जिंकणार ना? नाही रे, आणि नेमके इथेच भलेभले फसतात.

मी न्यू जर्सीत राहतो, पोलवाल्यांचे फोन बऱ्याचदा घेतलेत. आधी विचारतात, तुम्ही रिपब्लिकन, डेमोक्रॅट की इंडिपेंडंट? इंडिपेंडंट म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न, बरं, मग त्यातल्या त्यात कल कुठे? आणि इथे बहुतेक जण सांगून टाकतात! गॅलप या सर्वेक्षण कंपनीच्या २०२४ च्या आकड्यांत इंडिपेंडंट ४३ टक्के होते, पण हा दुसरा प्रश्न विचारला की खरोखर कुणाकडेच कल नसलेले साधारण १० टक्के उरतात. बाकीचे मत देताना जवळपास पक्षाच्या माणसासारखेच वागतात. आमच्या शेजारचे एक आजोबा कायम 'मी कुणाचा नाही' म्हणतात, पण मी इथे आल्यापासून त्यांचं मत एकाच पक्षाला जातंय, हे ते स्वतःच सांगतात.

२०१२ चं बघ. एक्झिट पोलमध्ये इंडिपेंडंट लोकांत रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी ५०-४५ ने पुढे, आणि राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले डेमोक्रॅट ओबामा. कारण टी पार्टीच्या, म्हणजे रिपब्लिकनांमधल्या कट्टर उजव्यांच्या चळवळीच्या, काळात स्वतःच्याच पक्षावर चिडलेले बरेच कट्टर उजवे स्वतःला इंडिपेंडंट म्हणवायला लागले होते, म्हणजे मतं तीच, फक्त पाटी बदललेली, आणि त्या दिवशी मतदारांत डेमोक्रॅट ३८ टक्के तर रिपब्लिकन ३२ च.

दुसरं म्हणजे १००० जणांच्या पोलला ३ टक्क्यांची चूक धरतात, ती अख्ख्या पोलची. त्यातले इंडिपेंडंट ३०० असतील तर ती साडेपाचच्या पुढे जाते, आणि दोघांमधल्या फरकाला तर जवळपास दुप्पट. मग 'इंडिपेंडंटमध्ये ४ ने आघाडी' यावर चॅनलवाले तासभर बोलतात ते कशाच्या जोरावर? मला याचा खरंच राग येतो, लोक त्यावर विश्वास ठेवतात.

आणि हो, मतदार यादीतलं 'अनअफिलिएटेड' (नोंदणीत कुठलाच पक्ष न लावलेला) आणि पोलमधलं 'इंडिपेंडंट' एक समजू नकोस, टेक्सास-मिशिगनमध्ये तर नाव नोंदवताना पक्ष विचारतच नाहीत.

पुढचा पोल टाकशील तेव्हा हेडलाइन नको, त्याची पूर्ण पीडीएफ टाक. कल असलेले लोक कुठे मोजलेत आणि इंडिपेंडंट किती जण होते, एवढं आधी बघू, मग बोलू.