लांब बाह्यांचं ब्लाउज

‘मॅडम, पोरगी आमच्या भाषेत बोलूनच नाही राहिली. आम्ही बोललो का दार लावून घेते. तिचं काही बिघडलं का?’

गडचिरोलीहून नागपुरात आलेल्या एका गोंड आईने समुपदेशनासाठी आल्यावर मला विचारलेला हा प्रश्न. नववीतली मुलगी शेजारी मान खाली घालून बसली होती. पालकसभेला आईने लांब बाह्यांचं ब्लाउज घालून यावं, हातावरचं गोंदण दिसू नये, असा तिचा हट्ट होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

सुरुवातीला मी चुकलेच. नागपूर गोंड राजा बख्त बुलंदशहाने १७०२च्या सुमारास वसवलं, हे तिला उत्साहाने सांगत बसले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘राजा होता ना मॅडम, पण वर्गात हसतात ते माझ्या आईला.’

मग हळूहळू बाहेर आलं. शिष्यवृत्तीचे फॉर्म वाटताना भर वर्गात ‘एस.टी.वाले उभे राहा’, म्हणजे अनुसूचित जमातीची मुलं, असं पुकारलं होतं. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत ‘जंगलवाली’ हे नाव चिकटलं.

मी आईला सांगितलं, पोरीचं काही बिघडलेलं नाही. जीन फिनी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या दहावीच्या मुलांशी बोलून १९८९मध्ये वांशिक ओळखीचे टप्पे मांडले. आधी मूल त्यावर विचारच करत नाही, मग शोधू लागतं, मग स्वतः पारखून ती ओळख आपली म्हणतं. तुमची मुलगी शोधाच्या उंबरठ्यावर आहे. ‘अभिमान बाळग’ म्हणून मागे लागू नका, पण घरात गोंडी बोलणं थांबवूही नका.

शाळेशीही बोलले. फॉर्म आता एकेकाला बोलावून देतात. हसणाऱ्या मुलांशी बोलायचं काम अजून बाकी आहे, आणि ते शाळेनेच करायला हवं.

तिसऱ्या भेटीत मुलगी स्वतःहून बोलली. बाकावरची मैत्रीण तेलुगू. ती एकदा बोटांवर मोजत होती, ‘रेंडु, मूडु, नालुगु’. हिच्या तोंडून निघून गेलं, ‘आमच्याकडे रंड, मुंड, नालुंग!’ गोंडी आणि तेलुगू दोन्ही द्राविडी कुळातल्या. मैत्रिणीने पुढचे आकडे विचारले, ते हिला येईनात. घरी येऊन तिने आजीला फोन लावला.

पालकसभेचं अजून ठरलेलं नाही. आईला म्हटलं, त्याची घाई करू नका.