उत्तर: जानेवारीत ईव्ही घेऊन मनाली-सिस्सू, बर्फात काय सांभाळायचं

तुम्ही विचारलंय की कासारवडवलीहून नेक्सॉन ईव्ही घेऊन जानेवारीत मनाली आणि पुढे अटल टनेलमधून सिस्सूला जायचंय, सोबत आई-बाबा आणि ४ वर्षांची मुलगी, तर बर्फात ईव्ही चालते का. चालते. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर १०० नव्या कारमागे जवळपास ८९ इलेक्ट्रिक होत्या, आणि तिकडे हिवाळा काय असतो ते सांगायला नको. मला काळजी वाटली ती तुमच्या एका वाक्याची, की घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये रीजन (ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटरच गाडी हळू करते आणि बॅटरी थोडी भरते, ते) ३ वर ठेवतो आणि ब्रेकवर पाय ठेवायची वेळच येत नाही.

मी खारघरचा, दोन हिवाळे गाडी घेऊन तिकडे जाऊन आलोय. पहिल्या वेळी माझी पण हीच सवय होती. मनालीजवळच्या सोलंगच्या पुढे एका वळणावर, सकाळची वेळ, ऊन अजून आलं नव्हतं, रस्ता नुसता ओला दिसत होता, वरचा बर्फाचा पातळ थर कळलाच नाही, म्हणून मी निवांत, वेग जेमतेम २५, आणि वळण आलं तसा सवयीने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. बस तेवढंच. स्टिअरिंग वळवतोय आणि गाडी सरळच चाललीय. कडेला बर्फाचा ढीग होता म्हणून त्यात जाऊन थांबली, बायको मागे मुलाला घट्ट धरून बसलेली, तिचा चेहरा मला अजून आठवतो. दुसऱ्या बाजूला दरी होती.

झालं काय, तर रीजनचा ब्रेक फक्त मोटर ज्या चाकांना जोडलीय त्यांनाच लागतो. तुमची गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे पाय झटकन उचलला की पुढच्याच दोन चाकांवर सगळा ताण, त्यांची पकड सुटली की स्टिअरिंगला काही अर्थ राहत नाही. मागच्या चाकांवर चालणारी ईव्ही असेल, महिंद्राची बीई ६ वगैरे, तर तिची शेपटी फिरते. गाडी स्वतः रीजन कमी करते हे खरं, पण चाक घसरायला लागल्यावर. ब्रेक पेडल मात्र चारही चाकांना लागतं आणि एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सोबत असतो, पायाखाली कडकड वाजलं तरी पाय काढायचा नाही. त्यामुळे बर्फात रीजन ० किंवा १, मोड इको, पाय हळू ठेवायचा आणि हळूच उचलायचा, ईव्हीचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, एकदम येतो त्यामुळे निघतानाही चाक जागच्या जागी फिरतं. आणि हे तिकडे जाऊन शिकायचं नाही, निघायच्या आधी ३ आठवडे रोज ऑफिसला रीजन १ वर जा, रविवारी सकाळी पाम बीचवर या, पायाची सवय मोडायला तेवढे दिवस लागतात. (सकाळी बॅटरी थंड असते तेव्हा गाडी स्वतःच रीजन कमी देते आणि दुपारी जास्त, म्हणजे एकाच दिवसात पेडल दोन प्रकारे वागतं, हे पण लक्षात असू द्या.)

अंतराचं गणित एकदा बघा. ४० च्या वेगाला कोरड्या रस्त्यावर गाडी ९-१० मीटरमध्ये थांबते, गुळगुळीत बर्फावर ६० मीटरच्या वर जाते. २० ने चाललात तर साधारण १६ मीटर. आपल्याकडे जूनच्या पहिल्या पावसात गायमुख घाटात रस्ता कसा साबणासारखा होतो, त्याच्या कितीतरी पुढची गोष्ट आहे ही. बॅटरीच्या वजनाने गाडी रस्त्याला धरून बसल्यासारखी वाटते, त्या भरवशावर राहू नका, चाकांची पकड टायर ठरवतं. आपले नेहमीचे टायर ७ डिग्रीच्या खाली कडक व्हायला लागतात. मनालीत चेन (टायरवर चढवायच्या साखळ्या) भाड्याने मिळतात, तुमच्या गाडीला पुढच्या चाकांना लावायच्या, चेन असताना ४० च्या वर जायचं नाही, आणि हॉटेलच्या पार्किंगमध्येच एकदा लावून बघा कारण वर रस्त्यावर बोटं बधिर होतात. बर्फ पडायला लागला की पोलीस पुढे फक्त फोर बाय फोर (चारही चाकांना जोर मिळणाऱ्या) किंवा चेनवाल्या गाड्या सोडतात, कधी सगळंच बंद करतात. त्यांच्याशी वाद घालू नका, परत फिरा.

रेंजचं: अमेरिकेतल्या वाहनचालकांच्या एएए संस्थेने २०१९ मध्ये ५ ईव्ही तपासल्या होत्या, उणे ७ डिग्रीला हिटर लावून रेंज सरासरी ४१ टक्के कमी झाली. शिवाय मनाली ते सिस्सू ४० किमीच आहे पण टनेल ३००० मीटरच्या वर, तेवढ्या चढालाच ४-५ युनिट जास्त जातात. मनालीतून ८० टक्क्यांच्या खाली निघू नका. हॉटेलवर पोचल्या पोचल्या, बॅटरी गरम असतानाच चार्जिंगला लावा, आणि बुकिंगआधी १५ अँपियरच्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते फोनवर विचारून घ्या, मी एका ठिकाणी विचारलं नाही आणि रात्रभर गाडी चार्ज झाली नाही.

अडकलात तर ईव्हीचा एक मोठा फायदा आहे, धूर नाही. पेट्रोल गाडीचा सायलेन्सर बर्फात बुजला की गॅस आत येऊन माणसं दगावतात. हिटर दीड किलोवॅट धरला तर १५ युनिटमध्ये १० तास निघतात, तरी ब्लँकेट, पाणी, मुलीचा खाऊ, फावडं गाडीत हवंच.

आई-बाबांना सिस्सू दाखवायचंच असेल आणि आदल्या रात्री बर्फ पडला असेल तर तुमची गाडी हॉटेलला ठेवा आणि तिथल्या ड्रायव्हरची फोर बाय फोर करा. टायर किती किमी चाललेत ते इथे लिहा, फोटो टाकलात तर बघून सांगतो बदलायचे का.