कोरी चिठ्ठीसुद्धा टाकायचीच

शाळेतल्या लैंगिक आरोग्य शिक्षणाबद्दल आलेल्या पत्रांतली चार आज घेते.

प्रश्न : मी दहावीला विज्ञान शिकवते. प्रजननाचा भाग आला की मागच्या बाकांवर खुसखुस सुरू होते. दरवर्षी ‘घरी वाचा’ म्हणून पुढे जाते. काय करू?
(एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा)

बाई, घरी ती मुलं पुस्तक वाचत नाहीत, मोबाइल बघतात. म्हणून हा भाग सोडू नका.

धड्याच्या आठवडाभर आधी वर्गात बुटाचं रिकामं खोकं ठेवा. प्रत्येकाने एक चिठ्ठी टाकायचीच, विचारायचं काही नसेल तर कोरी. म्हणजे कुणी काय विचारलं ते कुणालाच कळत नाही. चिठ्ठ्या घरी नेऊन निवांत वाचा. नाव नसलं की मुलं किती खरं लिहितात! एका शाळेत मुलीची चिठ्ठी निघाली होती : ‘मुलग्याच्या शेजारी बसलं तर एड्स होतो का?’ हे ओझं ती किती दिवस वागवत होती कोण जाणे.

शिश्न, योनी, वीर्य, कंडोम हे शब्द आधी स्वतःशी मोठ्याने म्हणून पाहा. तुमचा आवाज अडखळला नाही की वर्गही शांत होतो. मुलं हसतात ती लाजून, त्यांना रागावू नका.

एचआयव्ही शिकवताना घाबरवणारी चित्रं नकोत. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, वापरलेल्या सुया आणि आईकडून बाळाला, एवढेच मार्ग. डास, डबा, मिठी, संडास यांतून काही होत नाही. आणि हेही सांगाच : नियमित औषधांनी ज्यांच्या रक्तात विषाणू तपासणीत सापडण्याइतकाही उरत नाही, त्यांच्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. भीती घातली की माणसं तपासणीच टाळतात.

एखाद्या चिठ्ठीत अत्याचाराचा उल्लेख निघाला, तर ती बाजूला ठेवू नका. त्याच दिवशी १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन करा. पोक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. वर्गात वाच्यता नको, अक्षरावरून शोधही नको. पण मूल आपणहून पुढे आलं, तर लगेच सरकारी रुग्णालयात न्या. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली.

प्रश्न : हे शिकवलं तर नको ते डोक्यात भरणार नाही का?
(नववीतल्या मुलाचे वडील, नाशिक)

ही भीती जुनी आहे. २००७ मध्ये किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमावरून गदारोळ झाला आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. त्याआधी कितीतरी वर्षं, १९२७ पासून, र. धों. कर्व्यांनी खटले सोसत लैंगिक आरोग्यावरचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं होतं. युनेस्कोने जगभरचे अभ्यास तपासले, तेव्हा अशा शिक्षणाने मुलं लवकर संबंधांकडे वळतात असं आढळलं नाही. दादा, तुमच्या मुलाच्या डोक्यात प्रश्न आधीच आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेत एचआयव्ही असलेला विद्यार्थी आहे. काही पालक त्याचा दाखला द्या म्हणून अडून बसलेत.
(एक मुख्याध्यापक, मराठवाडा)

सर, देऊ नका. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि या कारणावरून शिक्षण नाकारणं त्याने बेकायदा ठरवलं आहे. मला जास्त खुपतं ते हे की पालकांना कळलंच कसं? बातमी शाळेतूनच फुटली असेल, तर आधी तिथे लक्ष घाला.

पालकसभा घ्या, पण त्या मुलाचा विषय न काढता, लागण कशी होते यावर. प्रथमोपचार पेटीत हातमोजे ठेवा आणि कुणाचंही रक्त पुसताना वापरा, सगळ्यांसाठी एकच नियम. २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधं मोफत मिळतात. नीट औषधं घेणारं मूल इतरांसारखंच खेळतं, डबा खातं, मॅट्रिक होतं.

प्रश्न : सलूनमध्ये ब्लेड लागलं. एचआयव्ही होईल का? आणि झोपेत वीर्य जातं, त्याने अशक्तपणा येतो म्हणतात.
(एक विद्यार्थी, वय १५)

ब्लेडने एचआयव्ही होण्याची शक्यता जवळपास नाही. तो विषाणू शरीराबाहेर फार टिकत नाही. तरी दरवेळी नवं ब्लेड मागून घे, कारण हिपॅटायटिस बी चा विषाणू जास्त चिवट असतो.

दुसरं, ज्याला लोक ‘स्वप्नदोष’ म्हणतात त्यात दोष काहीच नाही, तुझ्या वयात ते आपोआप होतं. एक थेंब वीर्य म्हणजे शंभर थेंब रक्त, हे साफ खोटं. त्यावरची पुड्यांतली औषधं घेऊ नकोस. आणखी काही विचारायचं असेल तर १०९७ हा एचआयव्हीविषयी माहिती देणारा सरकारी क्रमांक फुकट आहे, आणि सरकारी रुग्णालयात किशोरवयीनांसाठीचं ‘मैत्री क्लिनिक’ असेल तर तिथले समुपदेशक तुझ्याशी एकट्याने बोलतील.