नेपाळला जोडीनं जाताना

प्रश्न : मी भांडुपला राहते. नोव्हेंबरच्या शेवटी माझं लग्न आहे आणि आम्हाला दोघांना मिळून आठ दिवसांची रजा मिळाली आहे. लग्नानंतर जोडीनं पशुपतीनाथाचं दर्शन घ्यावं अशी होणाऱ्या सासूबाईंची इच्छा आहे. आम्हाला तळं आणि डोंगर हवे आहेत, म्हणून नेपाळ ठरलं. टूरवाल्यानं सात रात्रींत काठमांडू, जनकपूर, चितवन, लुंबिनी, पोखरा आणि मुक्तिनाथ बसवलं आहे. मैत्रिणी म्हणतात, हा हनिमून आहे की यात्रा? ताई, यातलं काय ठेवू आणि काय गाळू?

उत्तर : तुझं पत्र आल्यावर मी नकाशा पुढ्यात घेऊन बसले. जनकपूर काठमांडूच्या आग्नेयेला, खाली तराईत, बिहारच्या सीमेलगत. लुंबिनीही तराईतच, पण पार दुसऱ्या टोकाला, पश्चिमेकडे. मुक्तिनाथ तर अन्नपूर्णेच्या पलीकडे, मुस्तांगमध्ये, ३,७०० मीटरच्याही वर. पोखरा साधारण ८०० मीटरवर आहे, म्हणजे एका दिवसात केवढं चढायचं ते बघ. शिवाय मुक्तिनाथच्या वाटेवरच्या जोमसोमला जाणारी छोटी विमानं सकाळीच उडतात. दिवस वर आला की काली गंडकीच्या खोऱ्यात वारा असा सुटतो की पुढचं उड्डाण होत नाही. विमान राहिलं की तो दिवस गेला. हळद, लग्न, सत्यनारायण, गोंधळ एवढं सगळं उरकून तुम्ही निघणार. आधीचे पंधरा दिवस धड झोप झालेली नसणार. त्यावर हे सहा गावांचं ओझं मी माझ्या लेकीवर घातलं नसतं, तुझ्यावरही घालू देणार नाही.

जनकपूर, लुंबिनी, चितवन, मुक्तिनाथ सरळ काढून टाक. सगळी चांगली ठिकाणं आहेत, पुढे मुलाबाळांना घेऊन जाल. आत्ता काठमांडूत दोन रात्री, भक्तपूरला एक, पोखऱ्याला तीन आणि परतीच्या आदली रात्र पुन्हा काठमांडूत. ही शेवटची रात्र गाळू नकोस. थंडीत काठमांडूला सकाळी धुकं पडतं, देशांतर्गत विमानं तासन्‌तास लटकतात, आणि पोखऱ्याहून निघून त्याच दिवशी मुंबईचं विमान पकडायचं म्हटलं की जीव टांगणीला लागतो. रस्ता दोनशे किलोमीटरचाच आहे, पण घाटाचा. सहा-सात तास धरायचे, कधी त्याहून जास्त. विमानाला पंचवीस-तीस मिनिटं लागतात. जाताना उजवीकडची खिडकी माग, सगळी हिमशिखरं त्या बाजूला आहेत.

आता पशुपतीनाथाबद्दल. सासूबाईंची इच्छा ओझं समजून उरकू नकोस. हे मी अनुभवावरून सांगते.

माझं लग्न १९९४ चं. आम्ही परळला चाळीत राहत होतो. दहा बाय बाराची खोली, तिच्यात सासूबाई, वन्सं, धाकटे भावजी आणि आम्ही दोघं. ठरवून केलेलं लग्न, त्यामुळे ‘चहा घेणार का’ याच्यापलीकडे आमचं बोलणं गेलं नव्हतं. गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सुनौली, सीमा ओलांडून रात्रीची बस, असे आम्ही काठमांडूला पोचलो. दुसऱ्या दिवशी पहाटे पशुपतीनाथ. पश्चिमेच्या दरवाजासमोर पितळी, सोन्याचा मुलामा दिलेला भला मोठा नंदी, चांदीचे दरवाजे, आत चार दिशांना चार मुखं असलेलं शिवलिंग. मुख्य पुजारी भट्ट, कर्नाटकातून येणारे, हे ऐकून मला उगीच माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. दर्शन झालं आणि आम्ही पूल ओलांडून बागमतीच्या पलीकडे दगडी पायऱ्यांवर जाऊन बसलो. समोर आर्यघाट. एक चिता जळत होती, दुसरी रचत होते. एक मुलगा, पांढरं वस्त्र गुंडाळलेला, बापाच्या पायांशी उभा होता.

मी घाबरले. नव्या नवरीनं असलं काही बघू नये, असं आमच्याकडे म्हणतात. मी उठायला लागले, तर यांनी माझा हात धरून ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदा, चारचौघांत. आणि बोलायला लागले. गिरणीच्या संपानंतर मामंजींना काम राहिलं नव्हतं, ते खचत गेले आणि यांच्या एकोणिसाव्या वर्षी गेले. भोईवाड्याच्या स्मशानात यांनी अग्नी दिला आणि दुसऱ्याच आठवड्यात कामाला लागले. घरात रडायला जागाच नव्हती, म्हणाले. दोन तास आम्ही त्या पायऱ्यांवर होतो. माकडं येऊन आमच्या पुडीतला प्रसाद घेऊन गेली, आम्हाला पत्ता नाही. माझा नवरा कोण आहे हे मला त्या सकाळी कळलं.

म्हणून सांगते, पशुपतीनाथला ‘दर्शन, फोटो, चला’ असं जाऊ नका. (गाभाऱ्याकडे फोटो काढूही देत नाहीत, आणि चामड्याचा पट्टा, पर्स बाहेरच ठेवावी लागते.) सकाळी लवकर जा, दुपारी गाभाऱ्याचे दरवाजे बंद असतात. दर्शनानंतर पलीकडच्या पायऱ्यांवर बसा. घाटाचा फोटो मात्र काढू नका, तिथे कुणाचं तरी माणूस गेलेलं असतं. सकाळी जमलं नाही, तर संध्याकाळी तिथेच बागमतीची आरती असते.

काठमांडूतलं बाकीचं : पाटणचं कृष्णमंदिर बघ. १६३७ चं, संपूर्ण दगडी, २१ कळसांचं. पट्ट्यांवर महाभारत आणि रामायण कोरलेलं आहे, एकेक प्रसंग ओळखत फिरायला मजा येते. संध्याकाळी बौद्धनाथचा स्तूप. आपल्यासारखीच उजवी प्रदक्षिणा घालतात, तुम्हीही त्या रांगेत मिसळून जा. बस, एवढं पुरे.

भक्तपूरला लोक तीन तासांत उरकतात. तू मुक्काम कर. संध्याकाळी पर्यटकांच्या गाड्या परतल्या की गाव गावाचं होतं. न्यातपोल हे पाच मजली देऊळ राजा भूपतींद्र मल्लानं १७०२ मध्ये बांधलं. पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना राखणदारांच्या जोड्या आहेत. सर्वांत खाली दोन पहिलवान, वर हत्ती, मग सिंह, मग शार्दूल, सर्वांत वर बाघिनी आणि सिंहिनी या देवता. खालच्यापेक्षा वरची जोडी दहापट बलवान, असा हिशेब. १९३४ चा भूकंप या देवळानं सोसला. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात काठमांडूतलं काष्ठमंडप जमीनदोस्त झालं, धरहरा मनोरा कोसळला, पण न्यातपोल उभं राहिलं. त्या दिवशी टीव्हीवर मी फक्त तेवढंच शोधत होते.

सकाळी कुंभारांच्या चौकात जा. आपल्या धारावीच्या कुंभारवाड्यात दिसतात तशी कच्ची मडकी उन्हात रांगेनं मांडलेली असतात. मातीच्या भांड्यात लावलेलं ‘जुजु धौ’ खा. नेवारी भाषेत त्याचा अर्थ दह्यांचा राजा. भांड्याच्या कडेला चमचा लावला की जाड, पिवळसर साय अख्खी सुटून येते, आणि मातीत पाणी मुरल्यामुळे दही असं घट्ट बसतं की भांडं तिरकं केलं तरी हलत नाही. दोघांत एकच घ्या. पोट भरतं.

आता पोखरा, आणि इथे माझा आग्रह आहे : तीनपैकी एक दिवस पूर्ण रिकामा ठेव. गाडी ठरवू नकोस. फेवा तालाच्या काठी खोली घे आणि पहाटे उठ. वारा उठायच्या आधी पाणी काचेसारखं असतं आणि माछापुच्छ्रे त्यात उलटा दिसतो. ६,९९३ मीटरचं हे शिखर नेपाळी लोक शंकराचं मानतात, त्यावर चढाईला परवानगी नाही. १९५७ मध्ये एक ब्रिटिश तुकडी चढली होती, तीसुद्धा माथ्याच्या थोडं अलीकडून परत फिरली. नोव्हेंबरअखेर आकाश धुतल्यासारखं असतं, त्यामुळे तुझी तारीख उत्तम आहे. पावसाळ्यात गेलेले लोक शिखर न बघताच परततात.

तलावात बेटावर ताल बाराहीचं छोटं देऊळ आहे, लाकडी रंगीत नावेतून, डुंगातून, जायचं. शनिवार टाळ. नेपाळात शनिवारी सुट्टी असते, देवळांत झुंबड उडते, आणि देवीच्या देवळांत बळीही दिले जातात. मनकामना देवीच्या देवळाला केबल कारनं जायचा बेत करशील (ती १९९८ ला झाली, आमच्या वेळी नव्हती), तर तिथेही हे दिसेल, मनाची तयारी असू दे. त्यापेक्षा पोखऱ्याहून पंधरा किलोमीटरवर बेगनास ताल आहे, तिकडे अर्धा दिवस जा. फेवाच्या मानानं शांत. शेजारीच रूपा ताल, आणि मधल्या डोंगराच्या सोंडेवरून दोन्ही तळी दिसतात.

आणखी एक आनंद तुला कुणी सांगणार नाही, तो मी सांगते. परदेशात असून सगळ्या पाट्या वाचता येतात! लिपी देवनागरीच. पसल म्हणजे दुकान, तातो पानी म्हणजे गरम पाणी. आम्ही बसच्या खिडकीतून एकमेकांना पाट्या वाचून दाखवत अर्थ लावत गेलो होतो. तुम्हीही फोन खिशात ठेवा आणि हे करून बघा.

प्रश्न : मुलुंडहून लिहिते. लग्नानंतर आम्ही बालीला जातोय. बेराताण तलावातल्या देवळात जायची तारीख आणि माझ्या पाळीची तारीख एकच येते. घरातून गोळी घेऊन पाळी पुढे ढकलायचा आग्रह चालला आहे. काय करू?

उत्तर : डॉक्टरांना न विचारता गोळी घेऊ नकोस. मी घेतली होती. त्याच १९९४ च्या प्रवासात, देवदर्शन चुकू नये म्हणून, कुणा बाईनं नाव सांगितलं आणि औषधाच्या दुकानातून आणली. पोट फुगलेलं, छाती दुखणारी, मळमळ, आणि मुंबईत परतल्यावर असा रक्तस्राव झाला की आठ दिवस अंथरुणात होते. कुणाला सांगायचीही लाज. ही गोळी हार्मोनची असते. ज्यांना अर्धशिशी आहे, ज्यांच्या घरात रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास आहे, त्यांनी तर डॉक्टरांना हे सगळं आधी सांगायलाच हवं.

आणि मुळात तुला गोळीची गरजच पडणार नाही. बालीच्या देवळांबाहेर पाळीच्या बायकांनी आत येऊ नये अशी पाटी असते हे खरं, पण पर्यटकांना आतल्या पूजेच्या जागी सहसा सोडतच नाहीत. उलुन दानू बेराताण तळ्यातच उभं आहे, अकरा छपरांचं, जलदेवता देवी दानूचं. बघायचं ते काठावरच्या बागेतून. तनाह लोटचं देऊळही समुद्रातल्या खडकावर आहे आणि वर फक्त पूजा करणारे जातात. म्हणजे देऊळ तू जसं बघणार आहेस तसंच सगळे बघतात. हे घरात नवऱ्याला सांगायला लाव. त्याच्या आईशी या विषयावर बोलायची सुरुवात तू एकटीनं का करायची? बेराताण डोंगरात आहे, दुपारी ढग उतरतात, सकाळीच जा आणि स्वेटर ने.

प्रश्न : गिरगावहून विचारतो. नेपाळसाठी बायकोच्या पासपोर्टवर नवं नाव घालून घ्यावं लागेल का? पैसे कुठले न्यावेत?

उत्तर : नाव बदलायची काही गरज नाही. भारतीय नागरिकांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र चालतं. तुमच्या वयाच्या माणसांना आधार कार्ड चालत नाही, यात विमानतळावर बरेच जण अडकतात. ओळखपत्रावर माहेरचं नाव असेल तर तिकीटही त्याच नावानं काढा, अक्षराचाही फरक नको.

आपले १०० रुपये म्हणजे नेपाळी १६०, हा दर ठरलेला आहे. दुकानात किंमत सांगितली की ‘आयसी की एनसी’ विचारायचं, म्हणजे भारतीय चलनात की नेपाळी. न विचारता पैसे दिलेत तर १०० च्या वस्तूला १६० जातील. आणि उतरल्या उतरल्या दोघांची घड्याळं १५ मिनिटं पुढे करा. फोन आपोआप करतो, मनगटावरचं घड्याळ करत नाही. आमची पोखऱ्याची बस त्या पंधरा मिनिटांपायी सुटत होती. यांनी धावत जाऊन दारात पाय ठेवला म्हणून थांबली.