मेमोच्या उत्तरात आजाराचे नाव लिहा

ताई, तुमच्या लिहिण्यावरून मला समजले ते असे: डिचोलीचा तुमचा धाकटा भाऊ सरकारी खात्यात कारकून आहे, पाच वर्षांपासून त्याला बायपोलरचा (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांचा) आजार आहे, त्यातच दारू वाढली, सलग 74 दिवस तो कामावर गेला नाही आणि आता गैरहजेरीचा मेमो आला आहे. व्यसनी माणसाला दिव्यांगांचा कायदा लागू होतो का, हा तुमचा प्रश्न.

नुसते व्यसन पुढे केले, तर 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम फारसा हाती लागणार नाही. बायपोलर पुढे ठेवला तर लागेल. त्या कायद्यातील मानसिक आजाराची व्याख्या विचार, मनःस्थिती, आकलन, भान किंवा स्मृती यांतील गंभीर बिघाडाविषयी बोलते, दारूचे नाव घेत नाही. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम मात्र दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थाही आजारातच धरतो. पण त्याचा भर उपचार, गोपनीयता आणि विमा यांवर आहे, नोकरीचे संरक्षण पहिल्या कायद्यात आहे.

त्यातले कलम 20 (4) तुमच्या कामाचे आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेला काढता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही. पूर्वीचे काम त्याला झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद, आणि तेही नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पद, म्हणजे मंजूर पदांखेरीजचे जादा पद, द्यावे लागते. केंद्रीय राखीव पोलीस दलातील रविंदर कुमार धारीवाल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये असे म्हटले, की गैरवर्तनामागच्या कारणांपैकी मानसिक आजार हे एक कारण असले, तरी तशा कर्मचाऱ्यावरील शिस्तभंगाची कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो. गैरहजेरीपुरते बोलायचे, तर ती जाणूनबुजून केलेली असल्याचे सिद्ध झाल्याशिवाय गैरवर्तन ठरत नाही, हेही त्याच न्यायालयाने 2012 मध्ये कृष्णकांत परमार यांच्या प्रकरणात सांगितले आहे. तुमच्या भावाचे 74 दिवस या दोन निकालांच्या मधोमध बसतात.

अडचण कायद्याची नसते, फायलीची असते. मी आस्थापना शाखेत आयुष्य काढले आणि माझ्या चुलतभावाच्या रजेचे अर्ज मीच लिहीत असे. घरच्यांना लाज वाटे, म्हणून कधी कावीळ, कधी पाठदुखी, एकदा तर 'ताप व अशक्तपणा' असे लिहून आमच्या ओळखीच्या डॉक्टरांचा दाखला जोडला. पुढे चौकशी लागली तेव्हा अधिकाऱ्याने ते सगळे दाखले एकेक करून टेबलावर मांडले आणि विचारले, यात मनाचा आजार कुठे आहे? उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि ती चूक खात्याची नव्हती, आमचीच होती.

म्हणून तुमच्या भावाचे जिथे उपचार चालू आहेत, तिथून (तुम्ही बांबोळीच्या आयपीएचबीचा, म्हणजे गोव्यातील सरकारी मनोरुग्णालयाचा, उल्लेख केला आहे) उपचारांचा सविस्तर गोषवारा मागा. स्वतःची वैद्यकीय कागदपत्रे मिळणे हा 2017 च्या कायद्याने रुग्णाचा हक्क आहे. आजाराचे निदान केव्हा झाले, त्या 74 दिवसांत त्याची अवस्था काय होती आणि दारूचा त्या आजाराशी काय संबंध, एवढे तरी त्यात स्पष्ट असू द्या. हा गोषवारा मेमोच्या उत्तरासोबत 'गोपनीय' लिहिलेल्या बंद पाकिटात जोडा.

दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी अर्ज जरूर करा, पण त्याची वाट पाहत उत्तर अडवून ठेवू नका. किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट आरक्षणासारख्या लाभांना आहे. वाजवी सोयीच्या, म्हणजे काम झेपावे म्हणून त्यात करून घ्यायच्या बदलांच्या, हक्काला ती नाही, हे सर्वोच्च न्यायालयात विकास कुमार प्रकरणात 2021 मध्येच ठरले आहे. म्हणून उत्तरातच सोय मागा: उपचाराच्या दिवशी सवलत आणि काही महिने तरी लोकांशी थेट संबंध न येणारे टेबल.

एक कटू गोष्टही सांगतो. तो कामावर पिऊन गेला असेल, तर ती बाब वेगळी. सेवावर्तणुकीच्या नियमांत त्याला स्वतंत्र मनाई आहे आणि तिथे आजाराची ढाल फार काळ टिकेल असे मला वाटत नाही.

मेमोची मुदत संपत आली असेल तर आज मुदतवाढीचा अर्ज द्या आणि प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. सही मात्र भावालाच करू द्या, तुम्ही करू नका. मानसिक आजार असला म्हणून माणूस वेडा ठरत नाही, ते फक्त सक्षम न्यायालय ठरवू शकते, आणि त्याची सही आजही पूर्ण वैध आहे.